आपल्या फायली, आपला सर्व्हर : मुक्त प्रणालींची निवड कशी करावी?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ एक लागतात. ती एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असली, तरी त्यांचे व्यवहार निरनिराळे आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले आणि तयार कपड्यांपासून फर्निचरपर्यंतचा व्यापार तेथे वाढला. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे लहानमोठे कारखाने आहेत. बदलापूर हे मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मध्यमवर्गाचे आणि झपाट्याने वाढणाऱ्या गृहनिर्माण संस्थांचे शहर आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान झाली आहे. पूर्वी कपाटात असणारे कागद आता संगणकात आहेत. बिले, नकाशे, यंत्रभागांची आरेखने, संस्थेची इतिवृत्ते आणि घरातील लग्नाची छायाचित्रे, हे सारे फायलींच्या रूपाने साठत चालले आहे.

या फायली बहुतेकांनी परदेशी कंपन्यांच्या 'क्लाउड'वर ठेवल्या आहेत. ही सोय चांगली आहे, पण तिचे नियम आपल्या हाती नसतात. गुगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद केली. आता ईमेल, कागदपत्रे व छायाचित्रे मिळून १५ जीबीची मर्यादा आहे. जुलै २०२५ मध्ये याहून गंभीर प्रसंग घडला. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि त्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरणाऱ्या मोठ्या ग्राहकाची ही स्थिती होत असेल, तर लहान कारखानदाराने किंवा संस्थेने निदान दुसरी सोय करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ही दुसरी सोय म्हणजे स्वतःच्या जागेत, स्वतःच्या यंत्रावर चालणारी मुक्त स्रोत फाइलसाठा प्रणाली. अडचण अशी की या प्रणाली अनेक आहेत आणि प्रथमदर्शनी त्या सारख्याच दिसतात. नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउड, ओपनक्लाउड, सीफाइल, सिंकथिंग यांपैकी कोणाचीही माहिती वाचली, तरी फायली साठवा, मोबाइलवर पाहा, इतरांना पाठवा हीच आश्वासने आढळतात. सोयींच्या यादीवरून निवड करणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. संकटकाळी आपली फाइल या प्रणालीतून बाहेर कशी निघेल, हा निवडीचा खरा निकष आहे.

'मुक्त' आणि 'स्वतःची' म्हणजे काय?

मुक्त स्रोत प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता, बदलता आणि वापरता येते. बनवणारी कंपनी बंद पडली, तरी अन्य कोणी ती पुढे चालवू शकते. 'स्वतःच्या जागेत' याचा अर्थ असा की ही प्रणाली आपल्या कार्यालयातील किंवा घरातील संगणकावर बसवली जाते, किंवा आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालते. परवाना शुल्क नसते, म्हणून हे सारे फुकट असे मात्र समजू नये. यंत्र, हार्ड डिस्क, वीज आणि देखभालीचा वेळ हा खर्च आहेच.

विजेचा हिशेब सोपा आहे. १५ वॉट घेणारा लहान संगणक अहोरात्र चालू ठेवल्यास महिन्याला सुमारे ११ युनिट लागतात. त्याऐवजी ८० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप वापरला, तर हाच आकडा सुमारे ५८ युनिटांवर जातो. अडगळीतील जुना संगणक वापरून बचत होते असे वाटते, पण ती बचत वीजबिलात निघून जाऊ शकते.

एका घराण्याच्या शाखा

ओनक्लाउड, नेक्स्टक्लाउड आणि ओपनक्लाउड यांची नावे गोंधळात पाडतात, कारण त्या एकाच घराण्यातील आहेत. फ्रँक कार्लिट्शेक या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये ओनक्लाउडची सुरुवात केली. पुढे कंपनी झाली आणि गुंतवणूक आली. कंपनीचे हित आणि स्वयंसेवकांचा समुदाय यांचा मेळ कसा घालावा यावर मतभेद झाले. २०१६ मध्ये कार्लिट्शेक बाहेर पडले आणि जूनमध्ये त्यांनी अनेक जुन्या सहकाऱ्यांसह नेक्स्टक्लाउड सुरू केले. मूळ आज्ञावली मुक्त असल्यामुळेच हे शक्य झाले.

ओनक्लाउडनेही काम थांबवले नाही. जुनी पीएचपी भाषेतील रचना बाजूला ठेवून त्यांनी गो भाषेत 'इन्फिनिट स्केल' ही नवी प्रणाली लिहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये काइटवर्क्स या अमेरिकी कंपनीने ओनक्लाउड विकत घेतले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या हाइनलाइन समूहाने याच नव्या प्रणालीपासून ओपनक्लाउड ही वेगळी शाखा काढली. तिच्या कामात ओनक्लाउडचे काही माजी कर्मचारी सहभागी झाले.

या इतिहासातून वाचकाने एक बोध घ्यावा. मुक्त प्रणालीचा मालक बदलतो, धोरण बदलते, कार्यकर्ते निघून जातात. परवाना आपल्याला संरक्षण देतो, पण उद्याची सुधारणा कोण करणार याची हमी देत नाही. प्रणाली निवडताना तिच्यामागे आज किती जण काम करीत आहेत आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती नियमित येतात, हे पाहणे आवश्यक आहे.

या घराण्यात आज सर्वाधिक पसरलेली शाखा नेक्स्टक्लाउडची आहे. फायलींखेरीज दिनदर्शिका, संपर्क, एकत्र लेखन, दूरसंवाद अशा अनेक सोयी तिला जोडता येतात. मदत आणि मार्गदर्शन सहज मिळते. परंतु सोयी जितक्या अधिक, तितकी देखभाल अधिक. तिला वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस लागतो. मोठ्या आवृत्त्या एकेक करूनच चढाव्या लागतात, मधली आवृत्ती गाळता येत नाही. दोन-तीन वर्षे दुर्लक्ष केले की अद्ययावत करण्याचे काम कष्टाचे होते. इन्फिनिट स्केल आणि ओपनक्लाउड यांना वेगळा डेटाबेस लागत नाही, त्यामुळे उभारणी हलकी होते. मात्र त्यांना जोडता येणाऱ्या सोयी तुलनेने कमी आहेत.

सीफाइल आणि सिंकथिंग

सीफाइलचा उगम चीनमधला. तिचा भर एकाच कामावर आहे आणि ते म्हणजे फायली जलद जुळवणे. ती फाइलचे लहान तुकडे करते आणि जो तुकडा बदलला असेल तेवढाच पाठवते. समजा, अंबरनाथमधील एखाद्या कारखान्यात ४०० एमबीचे आरेखन आहे आणि त्यात किरकोळ दुरुस्ती झाली. सीफाइल त्यातील बदललेला भाग पाठवील. नेक्स्टक्लाउड संपूर्ण फाइल पुन्हा पाठवील. मंद जोडणीवर हा फरक दिवसभर जाणवतो. सीफाइलची सामुदायिक आवृत्ती मुक्त आहे आणि काही प्रगत सोयी सशुल्क आवृत्तीत आहेत.

सिंकथिंगची कल्पना मुळातच वेगळी आहे. तिच्यात मध्यवर्ती सर्व्हर नसतो. दोन किंवा अधिक यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात आणि ठरवलेले फोल्डर सारखे ठेवतात. २०१३ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली बसवायला सोपी आहे. फायली जशाच्या तशा राहतात आणि मध्ये कोणाचा हिशेब नसतो. परंतु ग्राहकाला दुवा पाठवणे, वेब पानावर फाइल पाहणे, कोणाला किती अधिकार द्यायचे हे ठरवणे, ही कामे ती करीत नाही. तिचे अँड्रॉइडवरील अधिकृत अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. आता तेथे समुदायाने चालवलेली शाखा वापरावी लागते.

या सर्वांहून जुना पर्याय म्हणजे सांबा. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून चालत आलेली ही प्रणाली लिनक्स यंत्रावरील फोल्डर विंडोजच्या 'नेटवर्क ड्राइव्ह'सारखे दाखवते. एकाच इमारतीत काम चालत असेल आणि बाहेरून फाइल पाहण्याची गरज नसेल, तर अनेकदा एवढेच पुरते. हे वाचून काहींची निराशा होईल, परंतु ज्याची गरज नाही ती प्रणाली न बसवणे हीही निवडच आहे.

डिस्कवर फाइल कशी राहते?

आता मूळ निकषाकडे येऊ. सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला, देखभाल करणारा तरुण नोकरी सोडून गेला आणि हाती फक्त हार्ड डिस्क उरली, अशी कल्पना करावी. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर काय दिसेल?

नेक्स्टक्लाउडच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर असते आणि त्यात फायली त्यांच्या मूळ नावांनी पडलेल्या असतात. डेटाबेस गेला तर दुवे, अधिकार व टिपणे जातात, पण फाइल वाचता येते. सर्व्हरवरील कूटबद्धता सुरू केली असेल तर मात्र किल्ल्यांशिवाय काहीच हाती लागत नाही. सिंकथिंग आणि सांबा यांतही फायली मूळ रूपात असतात.

सीफाइलमध्ये डिस्कवर फाइल दिसत नाही, तिचे तुकडे दिसतात. ते जोडून पुन्हा फाइल करण्यासाठी सीफाइलचीच साधने लागतात. साधने उपलब्ध आहेत आणि ती कामही करतात, परंतु ती वापरता येणारी व्यक्ती आणीबाणीच्या वेळी जवळ हवी. वेग मिळवण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे. इन्फिनिट स्केलच्या नेहमीच्या साठवणीत फायली सांकेतिक क्रमांकांच्या नावांनी राहतात. ओपनक्लाउडने मात्र फायली सरळ फोल्डररचनेत ठेवणाऱ्या पद्धतीला प्राधान्य दिले आहे.

ज्या ठिकाणी संगणक जाणणारी व्यक्ती कायम उपलब्ध आहे, तेथे वेग आणि सोयी यांना अधिक महत्त्व देता येईल. ज्या ठिकाणी अशी व्यक्ती नाही, तेथे फाइल उघड्या रूपात ठेवणारी प्रणालीच निवडावी. सारख्या दिसणाऱ्या प्रणालींमधील सर्वांत मोठा फरक येथे आहे आणि जाहिरातीच्या पानावर तो क्वचितच सांगितला जातो.

मराठी नावांची लांबी

मराठीत फायलींना नावे देणाऱ्यांनी आणखी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी४ पद्धतीत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. म्हणजे नावात जेमतेम ८५ चिन्हे बसतात. विंडोजमध्ये २५५ चिन्हांपर्यंत नाव देता येते. परिणामी 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' अशा आरंभाने दिलेले लांबलचक नाव विंडोजमध्ये चालते आणि सर्व्हरवर अडते. फाइल जुळत नाही, कारणही लवकर कळत नाही. नाव आटोपशीर ठेवणे आणि तारीख आकड्यांत आरंभी लिहिणे हा यावरील सोपा उपाय आहे.

छापखाने आणि जुनी कार्यालये यांच्याकडे युनिकोडपूर्व काळातील फाँटांमध्ये टंकलिखित केलेल्या असंख्य फायली आहेत. असा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतो, ती रोमन चिन्हांची मालिका असते. नवी प्रणाली कितीही चांगली असली, तरी तिच्या शोधसोयीला त्या मजकुरात मराठी शब्द सापडणार नाही. महत्त्वाचे मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावेत.

पाऊस, वीज आणि नदी

या तिन्ही शहरांत सर्व्हर ठेवणाऱ्याला संगणकाइतकाच पावसाचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने बदलापूर परिसराला दिलेला तडाखा अनेकांना आठवत असेल. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी नदीही पावसाळ्यात पात्राबाहेर येते. असे असताना तळमजल्यावरील कार्यालयात टेबलाखाली सर्व्हर ठेवणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. यंत्र वरच्या मजल्यावर आणि भिंतीवरील फळीवर असावे.

विजेचाही प्रश्न आहे. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर डेटाबेस बिघडू शकतो. पंधरा-वीस मिनिटे टिकणारा यूपीएस आणि वीज गेल्यावर यंत्र रीतसर बंद करण्याची व्यवस्था, ही दोन्ही असावीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग एकाच वेळी विजेविना होता. अशा वेळी शेजारच्या शहरातील दुसरे यंत्रही उपयोगी पडत नाही.

दोन हार्ड डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिण्याची सोय अनेकजण करतात आणि निर्धास्त होतात. एक डिस्क बिघडली तर ही सोय वाचवते. परंतु पूर, आग, चोरी किंवा खंडणीखोर विषाणू यांपुढे दोन्ही डिस्क एकदमच जातात. यंत्रांमध्ये फायली जुळवणे म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल जुळणीमुळे सर्व ठिकाणांहून पुसली जाते. नेक्स्टक्लाउडच्या कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते, पण ते आयुष्यभराचे आश्वासन नाही.

छायाचित्रकारांमध्ये रूढ झालेला ३-२-१ हा नियम येथे पाळावा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी. या परिसरासाठी 'दूर' म्हणजे डोंबिवली किंवा कल्याण नव्हे. त्यांच्यावरही तोच पाऊस आणि त्याच नदीची खाडी आहे. तिसरी प्रत घाटावर, म्हणजे पुण्यात किंवा नाशिकला नातेवाइकांकडे, शाखेत वा भाड्याच्या जागेत असावी. रेस्टिक किंवा बोर्ग ही मुक्त साधने अशी प्रत कूटबद्ध करून रोज रात्री पाठवतात. पहिली प्रत मात्र हाती नेणे सोयीचे. ५०० जीबी माहिती ५० एमबीपीएस वेगाने चढवण्यास सुमारे २२ तास लागतात. पिशवीतून डिस्क नेली, तर ती त्याहून बरीच आधी पुण्यात पोहोचेल.

बाहेरून प्रवेश

घरी किंवा कार्यालयात बसवलेला सर्व्हर लोकलमधून मोबाइलवर उघडत नाही, ही तक्रार हमखास येते. याचे कारण बहुधा प्रणालीत नसते. अनेक इंटरनेट कंपन्या असंख्य ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे बाहेरून आपल्या यंत्रापर्यंत वाट नसते. कंपनीकडून वेगळे शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग वायरगार्डसारख्या मुक्त साधनाने खासगी बोगदा करण्याचा आहे, मात्र त्यासाठीही एका टोकाला सार्वजनिक पत्ता लागतो. तो नसेल तर टेलस्केलसारखी सेवा मध्यस्थी करते.

केवळ कार्यालयातील पाच-दहा माणसांना फायली हव्या असतील, तर सर्व्हर जगासमोर उघडा न ठेवता खासगी बोगद्यामागेच ठेवावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओनक्लाउडच्या एका जोडप्रणालीत अत्यंत गंभीर दोष उघड झाला. काही मांडण्यांमध्ये त्यातून व्यवस्थापकाचे पासवर्डही बाहेर दिसत होते. दोष जाहीर झाल्यावर काही दिवसांतच तो असणारे सर्व्हर शोधले जाऊ लागले. ज्यांचे यंत्र बोगद्यामागे होते त्यांना दुरुस्तीसाठी सवड मिळाली. असा दोष कोणत्याही प्रणालीत निघू शकतो. दुरुस्ती त्वरित बसवणे आणि दुपदरी ओळखतपासणी सुरू ठेवणे, याला पर्याय नाही.

कायद्याची चौकट

हिशेबाच्या फायली किती काळ ठेवायच्या, हे आपल्या मर्जीवर नाही. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार लेखे व नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी कायद्यानुसार लेखापुस्तके ८ वर्षे ठेवावी लागतात. कंपन्यांच्या लेख्यांविषयीच्या नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संगणकीय लेखापुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज असणे आवश्यक आहे. अंबरनाथमधील खासगी मर्यादित कंपन्यांनी या दृष्टीने आपल्या यंत्राकडे पाहावे. स्वतःच्या कार्यालयातील सर्व्हर आणि घाटावरील प्रत यांची जोड ही अट भागवू शकते.

ग्राहकांची, कर्मचाऱ्यांची किंवा रुग्णांची माहिती साठवणाऱ्यांना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लक्षात घ्यावा लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सर्व्हर स्वतःचा असला, की त्याची जबाबदारीही स्वतःची असते.

कोणी काय निवडावे?

उल्हासनगरातील कपड्यांच्या व्यापाऱ्याला नमुन्यांची छायाचित्रे बाहेरगावच्या ग्राहकांना पाठवायची असतात. पासवर्ड आणि मुदत असलेला दुवा देता येणे त्याच्या उपयोगाचे आहे. त्याच्यासाठी नेक्स्टक्लाउड योग्य, मात्र फायलींखेरीज अन्य जोडण्या बंद ठेवाव्यात. टॅलीसारख्या लेखाप्रणालीचे चालू फोल्डर कोणत्याही जुळणीप्रणालीत टाकू नये, कारण उघड्या फायली अर्धवट जुळून बिघडतात. लेखाप्रणालीतूनच रोजचा बॅकअप काढावा आणि ती बॅकअप फाइल साठवावी.

अंबरनाथमधील अभियांत्रिकी कारखान्यात मोठी आरेखने एकाच इमारतीत वापरली जातात. तेथे सांबा पुरेसे आहे. आरेखनकार घरून किंवा दुसऱ्या कारखान्यातून काम करीत असतील, तर सीफाइलचा वेग कामी येईल, पण जाणकार व्यक्तीशी देखभालीचा लेखी करार असावा. बॅकअप घेताना आधी डेटाबेस आणि मग तुकड्यांचे फोल्डर, हा क्रम पाळावा. नाही तर परत मिळवलेल्या माहितीत तफावत राहते.

बदलापूरमधील गृहनिर्माण संस्थेची गोष्ट निराळी आहे. समिती बदलते, उत्साही सचिव घर विकून जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, अभिहस्तांतरणाचे कागद ही सभासदांची सामाईक ठेव आहे. संस्थेने स्वतः सर्व्हर सांभाळण्याच्या फंदात पडू नये. दोन पदाधिकाऱ्यांच्या संगणकांत आणि संस्थेच्या कार्यालयातील यंत्रात सिंकथिंगने एकच फोल्डर जुळवावे आणि दर तिमाहीस त्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. पासवर्ड लखोट्यात बंद करून कार्यभाराच्या कागदांसोबत सुपूर्द करावेत.

घरातील छायाचित्रांसाठी इमिच ही वेगळी मुक्त प्रणाली आहे आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तेथेही ३-२-१ चा नियम तसाच लागू होतो. देखभालीसाठी महिन्यातून दोन तासही देणे शक्य नसेल, तर स्वतःचा सर्व्हर उभारू नये. चालू क्लाउड सेवा ठेवून तिची एक प्रत घरच्या डिस्कवर नियमित काढणे, हा अशा कुटुंबासाठी अधिक सुरक्षित मार्ग आहे.

निवडीपूर्वीची चाचणी

निर्णय करण्यापूर्वी दोन प्रणाली एका जुन्या संगणकावर पंधरा दिवस चालवून पाहाव्यात. शंभर-दोनशे खऱ्या फायलींच्या प्रती त्यात टाकाव्यात आणि मराठी नावांच्या काही फायली आवर्जून घ्याव्यात. मग यंत्र बंद करावे, डिस्क काढावी आणि ती दुसऱ्या संगणकाला जोडून फायली परत मिळतात का ते पाहावे. हे काम प्रणाली बसवणाऱ्याने करू नये. तिचा ज्याला परिचय नाही अशा सहकाऱ्याला लिहिलेल्या सूचनांचा एक कागद द्यावा आणि त्याच्याकडून करून घ्यावे. त्याला किती वेळ लागला, कोठे अडले, कोणता पासवर्ड सापडला नाही, याची नोंद ठेवावी.

ज्या प्रणालीतून त्याने फायली कमी वेळात सुखरूप बाहेर काढल्या, ती आपली प्रणाली समजावी. हीच चाचणी पुढे दरवर्षी मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्याआधी, घाटावरील प्रतीवरून पुन्हा करावी.